तांदळाच्या दाण्याएवढी सावली

या सदरात माझं पत्र आलेलं पाहून सगळ्यात जास्त हसणार आहे तो माझा भाऊ. आमच्या घरी मांजर आडवं गेलं तर मांजराला दूध मिळायचं, थांबायला कोणी सांगत नसे. वडील नाशिकला शाळेत विज्ञान शिकवायचे आणि अमावास्येला मुद्दाम आम्हाला गावाबाहेर न्यायचे, कारण तारे त्याच रात्री नीट दिसतात. भूत एकदाही भेटलं नाही, डास मात्र भरपूर भेटले. आणि मी स्वतः बँकेत आहे. लोक सांगतील त्यावर कागद पाहिल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, याचाच मला पगार मिळतो.

शिवाय माझ्या अनुभवात रात्र नाही, पिंपळ नाही, पैंजण नाहीत. दुपारचे बारा, जूनचं ऊन, उघडा घाट आणि अकरा पोरं... एवढंच आहे. तरी लिहितेय, कारण वर्ष होऊन गेलं तरी ते डोक्यातून जात नाही. आणि खरं सांगायचं तर जावं असं वाटतही नाही.

बढतीवर माझी बदली वाराणसीला झाली. पहिल्याच महिन्यात पासबुक छापायला आलेल्या एक बाई मशीनकडे बघून म्हणाल्या, "अगं बाई, परत बंद?" आणि मी काचेमागे उठून उभीच राहिले. ती वसुधा. दूधविनायकच्या गल्लीत राहणारी, शाळेत विज्ञान शिकवणारी. या भागात मराठी घरं पिढ्यान्पिढ्या आहेत. घरात मराठी बोलतात, पण दर दोन वाक्यांत हिंदी येऊन बसतं. आमची लगेच गट्टी जमली. तिच्या घरच्या लंगड्या आंब्याला मी "बरा आहे" म्हटलं, त्यावरून आमचं पहिलं भांडणही झालं. (लंगडा बरा नाही, उत्तम आहे. हे मी नाशिकला कधी कबूल करणार नाही.)

पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत वसुधा म्हणाली, "पोरं दिवसभर मोबाईल घेऊन बसतात, काही तरी कर ना त्यांच्यासाठी." मी म्हटलं, त्यात काय, शून्य सावली करू.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी... आपल्याकडे वर्षातून दोन दिवस सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. सरळ उभ्या काठीची सावली त्या वेळी काठीच्याच पायाखाली जाते, दोनेक मिनिटं दिसतच नाही. हा दिवस दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो. पुण्या-मुंबईला मेच्या मध्यात, नागपूरला मेच्या शेवटी. नाशिकला असताना दरवर्षी आमचा ग्रुप चौकात काठ्या रोवून लोकांना हे दाखवायचा. त्या सवयीने मी मनातल्या मनात नकाशावर बोट वर वर सरकवलं. नागपूर, मग भोपाळ, मग वाराणसी. म्हणजे एकवीस जून. सगळ्यात मोठा दिवस, शोभेल असाच! त्याच संध्याकाळी मोबाईलवर मेसेज टाकला, "एकवीस जून, दुपारी बारा, राजा घाट. तुमची सावली गायब होणार. बघायला या." आणि मेसेज गेला साऱ्या मोहल्ल्यात.

चार दिवसांनी बँकेत एक आजोबा आले. पांढरं धोतर, खांद्यावर गमछा, वय चौऱ्याऐंशी. रीतसर टोकन घेतलं, पाऊण तास बाकावर बसले, नंबर आल्यावर माझ्यासमोर आले आणि मेसेज छापलेला कागद त्यांनी काचेखालून आत सरकवला.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो. तुम्ही नक्की या, आजोबा."

"मी वसुधाचा सासरा. लोक नानाशास्त्री म्हणतात. बाई, तुमचा सूर्य कर्करेषेपर्यंत येतो आणि तिथून वापस जातो. काशी त्याच्याही पुढे, दोन अंश जरा कमी. आमच्या दारापर्यंत तो कधी आलाच नाही. इथे छाया गायब होणार कशी?"

मला आधी राग आला, मग घाम आला. कर्कवृत्त! सूर्य एकवीस जूनला जिथे पोचतो ती त्याची शेवटची पायरी, आणि वाराणसी तिच्याही उत्तरेला. चौथीच्या भूगोलात असतं हे. महाराष्ट्रात कुठेही राहा, शून्य सावली येतेच. ती न येणारी गावंही असतात हे माझ्या टाळक्यातच नव्हतं. मी म्हटलं, "मी आजच कार्यक्रम रद्द करते."

नाना कागदाची घडी करत म्हणाले, "साठ वर्षं मी घाटावर शंकू लावून छाया मोजतोय. माझ्या वडिलांनी मोजली, आजोबांनी मोजली. हे घराणं पंचांगाचं गणित करणारं. पण सच सांगू? तुमचा कागद वाचल्यावर दोन मिनिटं मला वाटलं, आपणच चुकलो असू. बिलकुल तसं वाटलं." मग हसले. "रद्द नका करू. पोरांना जे आहे ते दाखवू."

गेले. पण त्यांचं ते हसणं मला काही धड वाटलं नाही. म्हणून संध्याकाळी वसुधाला गाठलं.

वसुधाने जे सांगितलं ते असं. तिच्या सासूबाई, सगळे त्यांना माई म्हणत, माहेरच्या वाईच्या. लहानपणी कृष्णेच्या घाटावर त्यांनी बिनसावलीची दुपार पाहिली होती. लग्न होऊन काशीला आल्या आणि नवऱ्याची गंमत करायचं एक कलम त्यांना आयुष्यभर पुरलं. या घरात एक रीत आहे. एकवीस जूनला घाटावर पितळी शंकू उभा करायचा. शंकू म्हणजे बारा अंगुळं उंच, विणायच्या सुईएवढी बारीक कांब. तिच्या पायाशी उत्तरेला तांदळाचा एक दाणा ठेवायचा. भर मध्यान्ही सावलीने तो दाणा पुरता झाकला, की समजायचं गणित बरोबर आहे. वर्षातली सगळ्यात छोटी सावली ती. मग तो दाणा घरच्या बाईने त्या दिवशीच्या भातात टाकायचा. माई दरवर्षी दाणा हातावर घेऊन म्हणायच्या, "तुमच्या काशीत सगळं मिळतं हो, पण सूर्याला यायला एका दाण्याची जागा अपुरी पडते. आमच्या वाईला येऊन बघा." आणि नाना म्हणायचे, "येईन. एकदा तुझ्याबरोबर येऊन बघीन, कबूल."

दर मे महिन्यात काही तरी निघायचं. मग पासष्टाव्या वर्षी नानांनी थोरल्या भावाबरोबर क्षेत्रसंन्यास घेतला. म्हणजे मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही असा संकल्प. घरी येऊन सांगितलं तेव्हा माई एवढंच म्हणाल्या, "आणि वाई?" नानांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. माई तीन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी बोलल्या, पण वाईचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. दाणा मात्र मुकाट्याने भातात टाकत राहिल्या. माझी बदली होण्याच्या आदल्या वर्षी त्या गेल्या.

"बाबा संकल्प मोडणार नाहीत," वसुधा म्हणाली, "आणि तुझा कागद वाचून सकाळपासून जेवलेसुद्धा नाहीत. इतके खूश होते. मग स्वतःच गणित करून बसले."

मला इतकं वाईट वाटलं की विचारू नका. कुणाच्या तरी आयुष्यातली एकच गोष्ट राहिली होती, आणि मी ती फुकटात जाहीर करून परत काढून घेतली होती. तीसुद्धा भूगोल कच्चा म्हणून.

एकवीस जून. राजा घाटाला काही जण अमृतराव घाटही म्हणतात. नदी उतरलेली, पायऱ्या इतक्या तापलेल्या की आम्ही ओली गोणपाटं अंथरून त्यावरून चालत होतो. घाटावरची मोठी बांबूची छत्री आम्ही पोरांसाठी मागून घेतली होती. वसुधाने पन्ह्याची घागर आणली होती. अकरा पोरं, सात मराठी घरांतली आणि चार शेजारची. मी सगळ्यांना सायकलचे स्पोक दिले होते, सगळे बारा अंगुळं कापलेले, ओल्या मातीच्या गोळ्यात रोवलेले, दोऱ्याला नट लटकवून सरळ केलेले. खाली कागद. दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकावर पेन्सिलीने टिंब करायचं.

सुरुवातीलाच मी माफी मागून टाकली. म्हटलं, मी चूक केली, आज सावली गायब होणार नाही, पण वर्षातली सगळ्यात छोटी होईल. पोरांचे चेहरे पडले. एकाने तर "तो फिर आए काहे?" असं मोठ्यानेच विचारलं. तेवढ्यात अदिती नावाची अकरा वर्षांची मुलगी म्हणाली, "मावशी, आपलं जे यान सूरज बघायला गेलंय ना, त्याला आपली छाया दिसेल?"

काय प्रश्न होता! मी म्हटलं, नाही दिसणार. सावली नेहमी वस्तूच्या मागे लपते. सूर्याच्या बाजूने पाहणाऱ्याला पृथ्वीवर कुणाचीच सावली दिसत नाही. त्याच्यासाठी रोजच शून्य सावली.

नाना गोणपाटावर बसून हे ऐकत होते. म्हणाले, "वा. हे आमच्या ग्रंथात नाही." आणि अदितीला त्यांनी आपल्या शेजारी, पितळी शंकूच्या कागदावर टिंबं करायला बसवलं.

आता नीट वाचा, कारण इथून पुढे मी शब्द मोजून लिहितेय. शंकू चौकोनी दगडी पाटावर उभा होता. पाटाच्या कडेने खाच आहे, तीत पाणी भरून पाट सपाट आहे ना ते बघतात. मी स्वतः बघितलं. ओळंबा लावून शंकू सरळ आहे ना तेही बघितलं, दोन्ही बाजूंनी. नानांनी उत्तरेला दाणा ठेवला. आमच्या इथे त्या दिवशी मध्यान्ह जवळजवळ घड्याळाच्या बारालाच येते. आकाश स्वच्छ होतं.

काशीत व्हायला हवं ते असं. पावणेबाराला सावली पश्चिमेला असते, मग भराभर फिरत उत्तरेला येते, दाण्यावरून जाते आणि पूर्वेला निघते. अकरा स्पोकांच्या सावल्या तशाच फिरत होत्या. बाराला चार मिनिटं असताना पितळी शंकूचीही तशीच होती.

मग अदिती म्हणाली, "नाना, ही मुडत नाही."

मी वाकले. शंकूची सावली उत्तरेकडे वळायची सोडून आहे तिथेच आखूड होत होती. पश्चिमेला होती ती पश्चिमेलाच, नुसती आत आत जात होती... आणि गेली. कांब उभी, तिच्या चहूबाजूंनी लख्ख कागद, आणि पायाशी तो दाणा उन्हात नुसता चमकत होता. मी हे नाशिकला वीस वेळा पाहिलंय. अगदी असंच होतं. पण ते नाशिकला होतं!

मी आधी स्पोकांकडे पळाले. अकराच्या अकरा स्पोकांची सावली उत्तरेला, प्रत्येकी दाण्याएवढी. जशी हवी तशी. परत आले. शंकूला सावली नाही. ओळंबा धरला... दोरा कांबेला समांतर. खाचेतलं पाणी काठोकाठ सारखं. पोरं एव्हाना सगळी भोवती जमली होती आणि कोणीही बोलत नव्हतं, हेच खरं तर सगळ्यात अमानवीय.

नाना गुडघ्यांवर टेकले होते. चौऱ्याऐंशीव्या वर्षी, तापल्या दगडावर. त्यांनी दाण्याकडे बघितलं, मग डावीकडे मान वळवली, जिथे कोणीही बसलं नव्हतं, आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "अगं, बघ."

मी उजवीकडे होते. आणि मला ते अहोजाहो करायचे.

चार मिनिटं असेल. मग पूर्वेच्या बाजूने एक बारीक काळी रेघ बाहेर आली, वाढली, आणि स्पोकांच्या सावल्यांसारखी सरळ आपल्या वाटेला लागली. पोरांनी जो आरडाओरडा केला तो पलीकडच्या तीरावर गेला असेल. "गायब हुआ! सचमुच गायब हुआ!" ज्याने "आए काहे" विचारलं होतं तो माझ्या हाताला लोंबकळून नाचत होता. वसुधा रडत होती आणि पन्हं वाटत होती, दोन्ही एकदम. मी काय करत होते ते मला आठवत नाही. वसुधा म्हणते, मीही नाचत होते.

गर्दीत एका पोराची आजी होती, ती घाबरून म्हणाली, "शास्त्रीजी, छाया न दिसणं चांगलं नसतं. मौत का इशारा असतो."

नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. "काशीत राहणाऱ्याला मरणाचं भय घालतेस? लोक तिकीट काढून येतात इथे त्यासाठी." मग त्यांनी तो दाणा उचलला. माई गेल्यापासून ते दाणा गंगेत सोडत होते, असं वसुधाने सांगितलं होतं. त्या दिवशी त्यांनी तो तोंडात टाकला, कच्चाच, आणि कुडूम करून खाल्ला.

आता माझ्यातली बँकवाली बोलते. कांब दोन अंशांहून जरा कमी दक्षिणेला कलली असती तर सावली अशीच नाहीशी झाली असती, हे मलाही कळतं. कोणी पाटाखाली कागदाची घडी सरकवली असती तरी पुरलं असतं. पण ओळंबा मी त्याच चार मिनिटांत लावला होता. आणि अदितीचा कागद माझ्याकडे आहे, चक्क लॅमिनेट करून ठेवलाय. टिंबं एका ओळीत येतात, शंकूच्या उत्तरेकडून जाणाऱ्या ओळीत. मधली मात्र ओळ सोडून खाली उतरतात, शंकूच्या मुळाशी जातात, आणि मग पुन्हा ओळीत येतात. मुळाशी तिने लिहिलंय, "बारह बजे. छाया नहीं है." बाकीच्या दहा कागदांवर ओळ सरळ आहे. फोटो म्हणाल, तर माझा मोबाईल उन्हाने तापून साडेअकरालाच बंद पडला होता. वसुधाने त्या गडबडीत काढला नाही. म्हणजे तुम्ही विश्वास ठेवू नका असं म्हणालात तर मला काही बोलता येणार नाही. मीही ठेवला नसता.

मी कागदाचा फोटो नाशिकच्या ग्रुपला पाठवला. एकाने उष्ण हवेमुळे किरण वाकले असतील म्हटलं. मग अकरा स्पोक कसे सुटले? एकाने सामूहिक भ्रम म्हटलं. अकरा वर्षांच्या मुलीला शून्य सावलीत टिंबं कशी पडतात हे ठाऊक नव्हतं, ती नेमकी तशी भ्रमात कशी काढेल? भाऊ म्हणाला, "तुला ऊन लागलं असेल." ते तर लागलंच होतं.

यंदा पुन्हा गेले. तेच ठिकाण, तोच पाट, तोच शंकू. या वेळी दोन मोबाईल, छत्रीखाली ठेवलेले, आणि चाळीस पोरं. नाना पंच्याऐंशीचे, ठणठणीत, आजीबाईंना दुरूनच ओरडून म्हणाले, "अजून आहे बरं का मी!" बाराला मी पाटाशी वाकून बसले होते. सावली पश्चिमेकडून निघाली, शहाण्यासारखी वळली, उत्तरेला आली आणि दाण्यावर अशी बरोबर बसली की पांढरा ठिपकाही बाहेर राहिला नाही.

मला रडू यायचंच बाकी होतं. नाना मात्र दाण्याकडे बघून मान डोलावत होते, गणित बरोबर आल्यावर डोलावतात तशी. मी म्हटलं, "नाना, आज काही झालं नाही हो. तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"त्यात वाईट काय," ते म्हणाले. दाणा उचलून त्यांनी वसुधाच्या हातावर ठेवला, भातात टाकायला. "मी तिच्याबरोबर एकदाच बघायचं कबूल केलं होतं."

खुलासा माझ्याकडे अजूनही नाही. कुणाला सुचला तर जरूर कळवा, कागद बघायचा असेल तर दाखवीन. फक्त नानांना सांगू नका. त्यांना तो नकोय.